पाणी कुठे आहे?

बोट्सवानातल्या ओकावांगोला पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत. जून-जुलै उजाडलेला असतो, दोन-तीन महिन्यांत आभाळातून थेंब पडलेला नसतो, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. नेमक्या त्याच वेळी भेगाळलेल्या जमिनीवरून पाण्याचा पातळ ओहोळ सरपटत पुढे येतो. त्याच्यापुढे किडेमुंग्या जीव घेऊन पळत सुटतात आणि त्यांना टिपायला पक्ष्यांची गर्दी होते. हे पाणी पडलेलं असतं काही महिन्यांपूर्वी आणि शेकडो किलोमीटर दूर, अंगोलाच्या डोंगराळ मुलखात. तिथून नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडून ते बोट्सवानात शिरतं. इथली जमीन इतकी सपाट की पाणी रेंगाळत, फाटे फुटत, पाणकणसांतून झिरपत माऊन गावापर्यंत यायला जून-जुलै होतो. पुढे समुद्र नाहीच. बहुतेक पाणी उन्हाने आणि झाडाझुडपांतून हवेत उडून जातं, उरलेलं कलहारीची वाळू पिऊन टाकते. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हजारावं नाव लागलं ते याच ओकावांगोचं.

सफारीला निघालेला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो, सिंह कुठे दिसेल? मुरलेला गाइड मात्र मनातल्या मनात वेगळाच हिशेब करत असतो. पाऊस कधी थांबला, कुठली डबकी आटली, आता पाणी कुठे उरलंय? दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना, झिम्बाब्वे आणि झांबिया या पाच देशांत कुठेही जा, सफारीचा सगळा खेळ या एका गोष्टीभोवती फिरतो. कोणत्या महिन्यात जायचं, जीपमधून फिरायचं की एका जागी बसायचं, पैसे किती मोजायचे, इतकंच काय, जनावरं जगायची की मरायची, हे सगळं पाणी ठरवतं.

महाराष्ट्रातल्या जंगलवेड्यांना हे नवं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात नाहीतर ताडोब्यात पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून येणारी-जाणारी जनावरं मोजण्याचा वनखात्याचा उपक्रम अनेकांनी अनुभवलेला असतो. फरक हवेचा. आपल्याकडे पाणवठे आटतात ते उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना. विषुववृत्ताच्या त्या बाजूला कोरडा ऋतू म्हणजे हिवाळा. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि मे ते सप्टेंबर आभाळ स्वच्छ. या काळात झाडोरा विरळ होतो, नजर लांबवर पोचते, रानातली डबकी एकेक करून आटतात आणि जनावरांना उरल्यासुरल्या पाण्याकडे यावंच लागतं. पहाटे उघड्या जीपमध्ये बसलेल्या पाहुण्याच्या मांडीवर घोंगडी आणि कधी कधी गरम पाण्याची पिशवीही देतात. ‘आफ्रिकेत कसली थंडी’ म्हणून सुती कपड्यांवर गेलेली मंडळी पहिल्याच पहाटे कुडकुडतात. कानटोपी न्यावी, आणि न्यायची लाज वाटू देऊ नये.

पाणवठ्यावर बसण्याची हौस पुरती फेडायची असेल तर नामिबियातलं इटोशा गाठावं. सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध जवळपास ४,८०० चौरस किलोमीटरचा पांढराशुभ्र खारट तळ पसरलेला आहे. पूर्वी इथे सरोवर होतं. आता चांगला पाऊस झाला तर काही आठवडे वितभर पाणी साचतं, एरवी नुसतं मीठ आणि माती. ती पांढरी माती अंगावर उडवून घेतल्यामुळे इथले हत्ती चुना फासल्यासारखे दिसतात. तळाच्या दक्षिण काठाने झऱ्यांचे आणि बोअरच्या पाण्याचे पाणवठे आहेत. गाडी एखाद्या पाणवठ्याशी लावायची, इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. समोर झेब्रा, ओरिक्स, स्प्रिंगबॉक यांची रांग लागते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पखुर्ड्यांचे थवे उतरतात. यांतला नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवून घेतो आणि ते पाणी कित्येक किलोमीटर दूर वाळवंटातल्या पिल्लांकडे घेऊन जातो. पिल्लं त्याची पिसं चोखून तहान भागवतात.

इटोशातल्या ओकाकुएयो कॅम्पची तर रात्रच नावाजलेली. कॅम्पला लागून पाणवठा, मध्ये दगडी भिंत, भिंतीच्या अलीकडे बाकं आणि पाण्यावर रात्रभर मंद दिवे. खोलीतून उठायचं, जॅकेट चढवायचं आणि बाकावर येऊन बसायचं, तिकीट नाही की जीप नाही. तासभर काही घडत नाही. मग दिव्याच्या कडेला एक सावली उभी राहते. काळा गेंडा. तो लगेच पुढे येत नाही, कान फिरवत हवेचा अंदाज घेतो, दोन पावलं टाकतो, पुन्हा थांबतो. नजर अधू असल्याने त्याचा सगळा भरवसा नाकाकानांवर. पाण्याशी येऊन फुसकारत पितो तो आवाज भिंतीपर्यंत ऐकू येतो. तेवढ्यात हत्तींचा कळप आला की गेंडा मागे सरतो, कारण इथला मानपान ठरलेला आहे. हत्ती पितात तेव्हा बाकीच्यांनी वाट पाहायची. सिंहसुद्धा पाण्यापासून जरा अंतर राखून बसतात. जिराफाची पाळी आली की त्याचे हाल बघवत नाहीत. पुढचे पाय फाकवून मान खाली न्यायची म्हणजे सिंहाच्या तोंडी आयतं जाणं, म्हणून तो अर्धा अर्धा तास नुसता उभा राहतो, वाकतो, दचकून पुन्हा सरळ होतो. एका रात्रीत काळ्या गेंड्यांच्या इतक्या भेटी घडवणारी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

इटोशात निदान झरे तरी आहेत. झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानात मात्र कोरड्या ऋतूत बहुतेक ठिकाणी जमिनीवर पाणीच उरत नाही. १९२८ साली हे राखीव रान झालं तेव्हा टेड डेव्हिसन नावाचा तरुण वॉर्डन इथे आला. जनावरं पाण्यासाठी उद्यानाबाहेर जातात आणि शिकाऱ्यांच्या बंदुकीला बळी पडतात, हे त्याने पाहिलं आणि बोअर खोदून पाणवठे भरायला सुरुवात केली. तेव्हापासून ह्वांगेतले हत्ती पंपाच्या पाण्यावर जगतात. पूर्वी डिझेलचे पंप होते, आता बरेचसे सौर आहेत. मोठा हत्ती दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितो आणि इथे हत्ती आहेत हजारोंनी. २०२३ च्या अखेरीस पाऊस लांबला तेव्हा पंप चालू असूनही ह्वांगेत किमान शंभर हत्ती मेले. पाहुण्यांना पाणवठ्यावर हत्तींची जत्रा दिसते, पण ती भरवायला कोणीतरी रोज पंप चालू करत असतो. सफारीच्या माहितीपत्रकात त्या माणसाचा फोटो सहसा नसतो.

मग सगळीकडेच बोअर मारून पाणी द्यावं का? याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाने फार मोठी किंमत मोजून शोधलं. तिथेही विसाव्या शतकात शेकडो बोअर आणि बंधारे झाले. हेतू चांगला होता. उत्तरेकडच्या कोरड्या भागात पाणी आल्यावर तिथे झेब्रे आणि विल्डबीस्ट वस्तीला आले, त्यांच्यामागोमाग सिंह आले. त्या भागात रोन नावाचं दुर्मीळ, मोठं हरीण उंच गवतात लपून, थोडक्यात गुजराण करत होतं. नव्या पाहुण्यांनी गवत खाल्लं आणि सिंहांनी रोन. १९८६ च्या सुमारास साडेचारशेच्या घरात असलेली त्यांची संख्या सात-आठ वर्षांत पन्नासच्या खाली आली. त्यानंतर उद्यानाने कृत्रिम पाणवठे बंद करायला सुरुवात केली. जुने पर्यटक आजही कुरकुर करतात की अमक्या पाणवठ्यावर पूर्वी काय मजा यायची. त्यांची तक्रार खरी आहे, पण पाणवठा बंद करणाऱ्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

क्रूगर हे मराठी प्रवाशाच्या खिशाला आणि स्वभावाला सर्वांत जवळचं ठिकाण. साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर म्हणजे राज्यातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही मोठं रान. १९२६ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९२७ मध्ये पर्यटकांच्या पहिल्या गाड्या आत आल्या, त्या अवघ्या तीन. आज इथे डांबरी रस्ते आहेत, पेट्रोल पंप आहेत, डझनभर मोठे कॅम्प आहेत आणि आपली गाडी आपण चालवत फिरण्याची मुभा आहे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवलं की जोहान्सबर्गला भाड्याची गाडी घेऊन पाच-सहा तासांत क्रूगरच्या दारात पोचता येतं. ताडोब्यातल्यासारखी जिप्सी, गाइड आणि सकाळ-संध्याकाळच्या फेरीची सक्ती नाही. सूर्योदयाला कॅम्पचं फाटक उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. उशीर झाला तर दंड.

वेगाची मर्यादा डांबरीवर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर. खरं तर २५ च्या पुढे गेलात तर काहीच दिसत नाही. स्कुकुझा आणि लोअर साबी या कॅम्पांमधला, साबी नदीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता जनावरं दिसण्यासाठी प्रसिद्ध आहे. कोरड्या ऋतूतही नदी वाहती असते, त्यामुळे बिबट्यापासून पाणघोड्यापर्यंत सगळे तिच्या आसऱ्याला. लोअर साबीच्या फाटकाजवळ सनसेट डॅम नावाचं तळं आहे, तिथे गाडी थेट काठाशी लावता येते आणि मगरी चार हातांवर ऊन खात पडलेल्या असतात. आणखी उत्तरेला सातारा नावाचा कॅम्प लागतो. आपल्या साताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, तरी पाटीसमोर फोटो काढल्याशिवाय मराठी कुटुंब पुढे सरकत नाही. या सपाट गवताळ भागात सिंह आणि चित्ते दिसण्याचा योग चांगला.

ठरावीक पिकनिकच्या जागा सोडल्या तर गाडीतून खाली उतरायचं नाही. त्या जागांवर गॅसचा मोठा तवा भाड्याने मिळतो आणि स्थानिक कुटुंबं त्यावर अंडी-सॉसेज परतत निवांत न्याहारी करतात. त्याच तव्यावर ऑम्लेट नाहीतर घरून आणलेल्या पिठाची धिरडी घालायला कोणाची ना नाही. व्हर्व्हेट माकडांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. पाठ फिरली की पाव पळालाच.

२००४ साली याच उद्यानातल्या ट्रान्सपोर्ट डॅमवर एका पर्यटकाने चित्रित केलेला प्रसंग इंटरनेटवर कोट्यवधी लोकांनी पाहिला आहे. सिंहांनी रानम्हशींच्या कळपातलं एक वासरू पकडलं, ते पाण्यात पडलं, मगरीने दुसरीकडून ओढलं, सिंहांनी हिसकून काठावर आणलं. एवढ्यात पळालेला कळप संख्येने वाढून परत आला, सिंहांना घेरून एकेकाला हुसकावलं आणि वासरू जिवंत कळपात परतलं. हा सगळा प्रकार पाण्याच्या काठावर घडला, आणि टिपला गेला तो थांबून राहिलेल्या माणसांच्या कॅमेऱ्यात.

धोका सिंहापेक्षा हत्तीचा जास्त. वळणावर अचानक एकटा नर समोर आला तर काय करायचं हे आधी ठाऊक हवं. डोळा आणि कान यांच्या मधून मद गळून काळा ओघळ दिसत असेल आणि मागचे पाय मुतून ओले असतील, तर तो माजावर आहे. अशा हत्तीशी हुज्जत घालू नये. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. गाडी सावकाश मागे घ्यायची आणि रस्ता त्याचा आहे हे मान्य करायचं. कान पसरून मान झटकणं ही ताकीद असते. बहुतेक पर्यटक नेमक्या त्याच क्षणी फोटोसाठी आणखी पुढे जातात. जुलै २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच पिलानेसबर्ग उद्यानात हत्तींच्या कळपाचे फोटो काढायला गाडीतून उतरलेला एक स्पॅनिश पर्यटक जागीच मारला गेला.

गेंडा दिसला तर त्याची गोष्ट आणखी निराळी. कॅम्पच्या स्वागतकक्षात मोठा नकाशा असतो, त्यावर आज कुठे काय दिसलं हे रंगीत टाचण्यांनी दाखवतात. गेंड्याची टाचणी मात्र लावत नाहीत. शिंगाच्या लोभाने २०१४ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. तेव्हापासून गेंड्याचा ठावठिकाणा उघड करणं हा तिथे मोठा अविचार समजला जातो, आणि अनेक गेंड्यांची शिंगं वनखात्याने स्वतःच कापून टाकली आहेत. बिनशिंगाचा गेंडा पाहून हिरमुसू नये, तो त्यामुळेच जिवंत आहे. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी फोनमधलं लोकेशन बंद करावं.

शिकाऱ्यांच्या काळात पायी मारायला सर्वांत अवघड अशी पाच जनावरं मानली जात: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. तीच ‘बिग फाइव्ह’ची यादी पर्यटनवाल्यांनी उचलली आणि आजही पाहुणे तिच्यावर खुणा करत फिरतात. बंदूक नसलेल्या माणसाने शिकाऱ्याची यादी कशाला पुरी करायची हे कळत नाही. या यादीत रानकुत्रा नाही, आणि सगळ्या आफ्रिकेत ते जेमतेम साडेसहा हजार उरले आहेत. अंगावर काळे-पिवळे-पांढरे धब्बे असलेला हा प्राणी आपल्या कोळसुंद्याहून वेगळ्या जातकुळीचा, पण कळपाने शिकार करण्याची रीत तीच. आपल्या नीलपंखाचा तिकडचा जांभळ्या छातीचा भाऊबंद प्रत्येक दुसऱ्या काटेरी झाडाच्या शेंड्यावर बसलेला असतो आणि जीपा त्याच्याकडे न बघता सिंहामागे धावतात. त्यांच्याबरोबर आपणही धावावं असं नाही.

पैसा असेल तर चित्र बदलतं. क्रूगरला लागून साबी सँड हे खासगी राखीव रान आहे. दोघांमधलं कुंपण १९९३ साली काढलं गेल्यामुळे जनावरं मोकळी ये-जा करतात. इथे जीपच्या बॉनेटपुढच्या खुर्चीवर माग काढणारा बसतो, ठसा दिसला की हात वर करतो आणि गाडी रस्ता सोडून झुडपांत शिरते. एका बिबट्याभोवती दोन-तीनच गाड्या, बाकीच्या रेडिओवर नंबर लावून दूर थांबतात. क्रूगरच्या डांबरी रस्त्यावर सिंह दिसला की वीस गाड्यांची कोंडी ठरलेली. साबी सँडमधल्या एका रात्रीच्या पैशांत क्रूगरच्या झोपडीत आठवडा काढता येतो, हेही तितकंच खरं. पहिल्यांदा जाणाऱ्याने क्रूगरमध्ये चार-पाच रात्री काढाव्यात आणि फारच मोह झाला तर शेवटच्या एक-दोन रात्री खासगी रानात, असं जाणकार सांगतात. ते पटतं.

बोट्सवानाने तर महागड्या, थोड्या पाहुण्यांचं धोरण १९९० पासून मुद्दाम राबवलं. ओकावांगोतल्या अनेक कॅम्पवर छोट्या विमानानेच पोचता येतं, आणि सामान म्हणून मऊ कापडी पिशवीत वीस किलोच्या आसपास. कडक सुटकेस विमानात मावतच नाही. तिथे मोकोरो नावाची चिंचोळी होडी असते. होडीवाला मागे उभा राहून लांब काठीने ती लोटतो. पूर्वी ती एका खोडाची कोरत, आता झाडं वाचावीत म्हणून बऱ्याच फायबरच्या असतात. त्या पाण्यातला मोरेमी हा राखीव भाग मात्र सरकारने आखलेला नाही. शिकारी आपलं रान ओरबाडत आहेत हे पाहून तिथल्या बातावाना लोकांनीच १९६३ साली तो राखून ठेवला. पुढाकार दिवंगत प्रमुख मोरेमी यांच्या पत्नीचा होता.

ईशान्येला चोबे नदीवर दुपारी तीनच्या होड्या सुटतात. त्या वेळी हत्तींचे कळप पाण्यावर येतात आणि सोंड वर धरून पोहत सेदुडू बेटावर चरायला जातात. वर्षातले काही महिने पाण्याखाली जाणाऱ्या या गवताळ बेटावरून बोट्सवाना आणि नामिबिया चक्क आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९९९ साली निकाल बोट्सवानाच्या बाजूने लागला. हत्तींच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही.

होडीतून देखणे वाटणारे हे हत्ती शेतकऱ्याच्या मक्यात शिरले की गोष्ट बदलते. २०२२ च्या हवाई मोजणीत एकट्या बोट्सवानात १ लाख ३१ हजारांहून जास्त हत्ती भरले. जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफींच्या आयातीवर निर्बंध घालण्याची भाषा सुरू झाली तेव्हा, एप्रिल २०२४ मध्ये, बोट्सवानाचे तत्कालीन अध्यक्ष मासिसी यांनी जर्मनीला वीस हजार हत्ती पाठवून देण्याची तयारी दाखवली. बोलणं टोमण्याचं होतं, दुखणं खरं होतं. रानडुकरांनी पीक फस्त केलेल्या कोकणातल्या शेतकऱ्याला ते लगेच समजेल.

क्रूगरच्या उत्तर टोकाला पाफुरी आहे, गोरखचिंचेच्या प्रचंड झाडांचा आणि लिंपोपो नदीचा मुलूख. मकुलेके लोकांची ही जमीन. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारने त्यांना बंदुकीच्या धाकावर हुसकावलं आणि जमीन उद्यानात घातली. सत्ताबदलानंतर त्यांनी दावा केला आणि १९९८ मध्ये जमीन परत मिळवली. शेती किंवा खाण न करता त्यांनी ती रान म्हणूनच ठेवली. आज तिथल्या लॉजच्या उत्पन्नात त्यांचा वाटा आहे. झांबियात नॉर्मन कार या वनाधिकाऱ्याने १९५० मध्येच प्रमुख न्सेफू यांच्याशी बोलणी करून लुआंग्वा खोऱ्यात पाहुण्यांचा कॅम्प काढला आणि त्याचा पैसा गावाकडे वळवला. बंदूकधारी रक्षकासोबत एका रांगेत पायी फिरण्याची सफारी याच खोऱ्यात नावारूपाला आली. पायी चालताना सिंहापेक्षा वाळवीचं वारूळ आणि तरसाची पांढरी विष्ठा जास्त बघायला मिळते. तिथे एकच नियम शिकवतात, काहीही झालं तरी पळायचं नाही.

मराठी सहलींच्या कार्यक्रमात केपटाऊन, शहामृगांची शेती, सन सिटी आणि शेवटी ‘एक सफारी’ असं गणित असतं. सन सिटीशेजारचं पिलानेसबर्ग वाईट नाही. जुन्या ज्वालामुखीच्या कड्यात वसलेलं आणि मलेरियामुक्त असल्याने लहान मुलं बरोबर असतील तर ते सोयीचंही आहे. पण तीन तासांच्या एका फेरीत रान उलगडत नाही. केपटाऊनचा पाऊसही उलटा, मे ते ऑगस्ट. म्हणजे क्रूगर ऐन रंगात असतं तेव्हा टेबल माउंटन ढगात. आणखी एक गोष्ट टाळावी. सिंहाचे बछडे मांडीवर घेऊन फोटो काढून देणाऱ्या जागा. मोठी झालेली ही पिलं रानात सोडता येत नाहीत, आणि अशा पिंजऱ्यांतल्या सिंहांचा शेवट बंदिस्त शिकारीत झाल्याची उदाहरणं आहेत. हा धंदा बंद करत नेण्याचं धोरण दक्षिण आफ्रिकेच्या मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केलं.

तयारीचं थोडं. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचे नियम दोन्ही बाजूंचे तपासावेत. ही लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. क्रूगर, चोबे, ओकावांगो, लुआंग्वा हा सगळा मलेरियाचा पट्टा. पावसाळ्यात धोका जास्त, थंडीत कमी, पण गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच जावं. कपडे मातकट रंगाचे, आणि दुर्बीण प्रत्येकाची वेगळी. एका दुर्बिणीवरून कुटुंबात भांडणं होतात.

उरला सुट्टीचा प्रश्न. मेची सुट्टी अगदी योग्य वेळेला येते. कोरडा ऋतू सुरू झालेला, डास कमी, गवत मात्र अजून थोडं उंच. दिवाळीशिवाय रजा मिळत नसेल तरी हरकत नाही. ऑक्टोबरात ऊन चाळिशीपर्यंत जातं, धुळीने आभाळ भरलेलं असतं, पण पाणी सर्वांत कमी असल्याने पाणवठ्यांवर सर्वांत जास्त गर्दी याच दिवसांत. नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला की जनावरं पांगतात, मात्र महिन्याच्या उत्तरार्धात इंपालांची पाडसं शेकड्यांनी जन्मू लागतात. डिसेंबरात तिकडच्या शाळांना सुट्टी असल्याने कॅम्प स्थानिकांनीच भरलेले. क्रूगरच्या झोपड्यांचं बुकिंग उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर जवळजवळ वर्षभर आधी खुलं होतं आणि लोअर साबी, सातारा सर्वांत आधी भरतात. जागा नाही असं दिसलं तरी नाद सोडू नये. लोक बुकिंग रद्द करत राहतात, आणि रोज सकाळी चहा घेताना एकदा डोकावणाऱ्याला हवी ती तारीख बऱ्याचदा सापडते.